धडा तिसरा : पहिली भेट

साक्रीला, मोटर रिवाइंडिंगच्या दुकानावर
माझा क्लास भरतो. सात ते आठ.
जिन्यात वार्निशचा वास, वर एकच ट्यूबलाइट
आणि बाकांत न मावणारे गुडघे.

डोंगरावर पवनचक्क्या फिरायला लागल्यापासून
कंपनीचे गोरे पाहुणे येतात अधूनमधून,
म्हणून हा धडा : पहिल्यांदा भेटल्यावर काय बोलावं.

फळ्यावर लिहिते, देवनागरीतच : हाउ डू यू डू.
खानावळवाल्या मंगलाबाई विचारतात, म्हंजे काय?
कसे आहात.
मंग उत्तर काय देवानं?
हाउ डू यू डू.
त्या पेन खाली ठेवतात.
"म्हंजे इचारस, पन आयकानं नही."

आपल्याकडे ऐकायचं असतं.
कथाइन उना? कोनता गावना? कोनना?
उत्तराचा धागा कुणाच्या तरी साडूपर्यंत पोचेस्तोवर
माणूस ओट्यापाशी उभा.
पाणी लगेच येतं, नाही असं नाही.
कोणत्या भांड्यातून, ते उत्तरावर ठरतं.

हे काही मी फळ्यावर लिहिलं नाही.
धुळ्याहून आले, खोली शोधत होते,
सात घरांनी नाव विचारलं.
सांगितलं, तर म्हणाले, ते झालं हो, पुढचं?
क्लासच्या पाटीवर म्हणूनच नुसतं
'मॅडम'.

तर, जोड्या लावल्या.
सुपडू नानांसमोर वेडू आला.
नानांच्या रानात तीन पवनचक्क्या उभ्या,
त्यांच्या बुडाशी रात्रपाळीला वेडू, शिट्टी आणि बॅटरी घेऊन.
नाना हसले. "मी याले वयखस ना, मॅडम.
याना बाप मना सालदार व्हता.
याले काय भेटानं?"

मी म्हटलं, धडा म्हणजे धडा.
उभे रहा. हात पुढे करा.

नानांचा हात निघाला, वाटेत टोपीकडे वळला,
टोपी सारखी करून परत आला.
वेडूनं आपला हात पँटला पुसला,
एकदा, मग आणखी एकदा.
"नाईस टू मिट यू," नाना म्हणाले, छताकडे बघत.
"नाइस टू मीट यू, टू," वेडू म्हणाला,
आणि हा शेवटचा 'टू' त्यानं रात्रीच्या पाळीत
पंख्याच्या घरघरीखाली घोटलेला असणार,
इतका तो स्वच्छ आला.

नाना त्याला 'तू' म्हणतात. तो नानांना 'तुम्ही'.
'यू'मध्ये दोघं एकाच बाकावर बसले,
आणि 'नाना' म्हणायला त्या वाक्यात
जागाच नव्हती कुठं.

वर्गात कुणी खोकलंसुद्धा नाही.

मग मंगलाबाईंनीच विचारलं, दुसऱ्यांदा भेटलं तर?
तर 'मीट' नाही म्हणायचं, 'सी' म्हणायचं.
नाइस टू सी यू.
भेटणं एकदाच, नंतर नुसतं दिसणं.
सगळ्यांनी वहीत उतरवून घेतलं.
वेडूचं पेन थांबलं.
"मॅडम, आधी सी... मंग मीट. असं व्हस का?"

मी व्याकरणाचं पुस्तक उघडलं.
उगाच. त्यात नसतं असलं काही.
म्हटलं, बंदी तर नाही.

आठ वाजता जिना रिकामा झाला.
खिडकीतून दिसलं :
नानांनी मोटारसायकलला किक मारली, थांबले.
"कथा जास रे? ड्युटीवर? बठ मांगे."
त्या 'रे'मध्ये सगळं जुनं तसंच होतं.

वेडू बसला. मागच्या लोखंडी कॅरिअरला
पाठीमागे हात करून धरून,
जितकं मागं सरकता येईल तितकं मागं.
दोघांच्या मधे त्याचा जेवणाचा डबा.
खड्डा आला की तो डबा नानांच्या पाठीला लागे,
आणि वेडू तो ओढून घेई.

पिंपळनेर रस्त्याच्या वळणावर
लाल दिवा दिसेनासा झाला, तोवर
दोनदा लागला होता. दुसऱ्यांदा
ओढून घेतला की नाही,
मला दिसलं नाही.